ओबडधोबड नव्हे, पूर्ण विचारानं केलेला डॅशबोर्ड

लेख आवडला, पण जुन्या लष्करी ट्रकचे डॅशबोर्ड 'ओबडधोबड, ड्रायव्हरचा विचार न करता केलेले' असतात, हे वाक्य मनाला लागलं. इथे अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मी एम-३५ या अमेरिकी लष्करी ट्रकमध्ये बसून आलोय. अडीच टनी, १९५०च्या सुमाराचं डिझाइन.

त्याला किल्लीच नाही. खटका फिरवायचा, बटण दाबायचं. घाईनं निघायची वेळ आली तर किल्ली कुणाच्या खिशात आहे ते कोण शोधणार?

खरी करामत दिव्यांच्या स्विचमध्ये आहे. त्याला तीन लहान दांड्या. मुख्य दांडी 'बंद'वरून सहज वळते ती फक्त ब्लॅकआउटच्या, म्हणजे रात्री शत्रूला दिसू नये म्हणून लावायच्या, मिणमिणत्या दिव्यांकडे. हेडलाइट हवे असतील तर आधी कुलपाची दांडी उचलून धरावी लागते. मी करून पाहिलं, दोन्ही हात गुंतले. रात्री चुकून धक्का लागून हेडलाइट पेटले तर सगळा ताफा शत्रूला दिसेल, म्हणून हा मुद्दाम घातलेला अडसर. ब्लॅकआउटमध्ये ब्रेक दाबला तरी नेहमीचा झगझगीत लाल दिवा लागत नाही. मागचे बारीक दिवेही असे, की मागच्या ड्रायव्हरला ते किती दिसतात त्यावरून अंतर कळावं: चार दिसले तर फार जवळ, दोन दिसले तर ठीक, एकच दिसला तर मागे पडलोय.

आणि ते धातूचे पत्रे! गिअरचा नकाशा, कुठल्या गिअरला कमाल वेग किती, सगळं समोरच ठोकलेलं. हा ट्रक पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या पोरालाही कुणाला विचारायची गरज पडू नये.