बघितलं म्हणजे आलं असं नाही

आजच्या तरुण मुलांबद्दल दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. 'यांना काही येत नाही' हे पहिलं. 'यांना सगळं येतं, फक्त मेहनत नको' हे दुसरं. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्ही त्या मुलांना फार लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहायचं आहे.

सोळा-सतरा वर्षांची मुलं आज व्हिडिओ एडिट करतात, त्यावर नेमका आवाज बसवतात, छोटे गेम बनवतात, परक्या भाषेतलं गाणं उच्चारासकट म्हणतात. यातलं बरंचसं त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं. पण त्यांचं कामाचं फोल्डर उघडून बघा. सात चित्रं, सातही कमरेपर्यंत काढलेली. चार कथा, प्रत्येकीचं फक्त पहिलंच पान. एक गेम, ज्यात माणूस चालतो पण दार उघडत नाही. सुरुवात छान झालेली असते आणि मग सगळं तिथेच राहतं. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण आळशी माणूस सात वेळा सुरुवात करत नाही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. या पिढीला शिकायला जे साधन मिळालंय ते मुख्यतः बघण्याचं आहे, आणि बघण्यात एक फसवणूक आहे. २०१८ साली शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हे छान दाखवलं. लोकांना मूनवॉकचा, म्हणजे पुढे चालल्यासारखं भासवत मागे सरकण्याच्या नाचातल्या चालीचा, व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना आपण जास्त चांगलं करू असं वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांचे पाय एकदा बघणाऱ्यांपेक्षा काही चांगले पडले नाहीत. डार्ट फेकण्याचंही तेच. बघून फक्त भरवसा वाढला, हात होता तिथेच राहिला.

आता हे एखाद्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. तिने चाळीस तास ट्युटोरियल बघितली आहेत. तिला मनापासून वाटतंय की हे आपल्याला येतं. मग ती कोरा कागद समोर घेते आणि हात चालत नाही. पद्धत चुकली असेल हे तिच्या मनातही येत नाही. 'माझ्यातच काही नाही' असा निष्कर्ष काढून ती मोकळी होते. गुण असलेली किती मुलं या एका गैरसमजापायी सोडून देतात, याचं खरंच वाईट वाटतं.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. वीस मिनिटांचा व्हिडिओ असेल तर चार-पाच मिनिटं बघायचा आणि बंद करायचा. नुसता थांबवून चालत नाही, कारण पडद्यावर चित्र गोठलेलं असलं की डोळा तिकडेच जातो. आता तेवढाच भाग न बघता करायचा. अडकलं की कुठे अडकलं ते एका ओळीत लिहायचं आणि फक्त तेवढाच तुकडा परत बघायचा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाईलपासून तेच पुन्हा. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एक तास बघितलं तर निदान तीन तास हात चालला पाहिजे, असा ढोबळ हिशोब धरा.

अभ्यासालाही हेच लागू आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. परीक्षेच्या आदल्या रात्री पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि पेपर समोर आला की डोकं रिकामं होतं, त्याचं कारण हेच. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सराव मात्र पहिल्याचाच झालेला असतो.

सरावाबद्दल थोडं जवळून बोलू, कारण तिथे फार वेळ वाया जातो. एखादा मुलगा गिटारवर एक तुकडा बसवतोय. वेग मिनिटाला १२० ठोके. नवव्या मात्रेला बोट चुकतं. तो काय करतो? थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तासाभरात सुरुवात तीस वेळा उत्तम वाजली आणि नववी मात्रा तीस वेळा चुकली. त्याच्या हाताने आज तीस वेळा चूक गिरवली. हाताला चूक-बरोबर कळत नाही, जे परत परत होतं ते पक्कं होतं. उलट करून बघा. चुकणारी जागा आणि तिच्या अलीकडची-पलीकडची एकेक मात्रा, एवढंच घ्या. मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टकटक ठोके देणारं यंत्र, ६० वर आणा. सलग तीन वेळा बरोबर आलं की ५ ने वाढवा. लागोपाठ दोनदा चुकलं तर १० ने मागे या. वीस मिनिटांनी उठा. दुसऱ्या दिवशी वेग कालपेक्षा थोडा कमीच ठेवून सुरू करा, हात स्वतःच वर येतो. चित्रात बोटांचे सांधे, कोडमध्ये एकच फंक्शन, लेखनात संवादाची एक जागा, सगळीकडे हेच: जिथे चुकतं तिथेच, लहान तुकडा, सावकाश.

आता अर्धवट कामांचं. काम निवडताना ते १४ दिवसांत संपेल एवढंच निवडावं. दीड मिनिटाचा व्हिडिओ. सहाशे शब्दांची गोष्ट. एकच काम करणारा प्रोग्राम. हातात मावेल एवढं चित्र. पोरं पहिल्याच फटक्यात पंचवीस भागांची मालिका किंवा अख्खा गेम हातात घेतात, कारण डोळ्यांसमोर सतत तेच असतं, शंभर माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं. सुरू करण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: हे 'झालं' असं कधी म्हणायचं? दार उघडतं, आवाज येतो, शेवटचा पडदा दिसतो. बस. दहाव्या दिवसानंतर नवीन काहीही घालायचं नाही. उरलेले चार दिवस आवाजाची पातळी, शुद्धलेखन, फाईलींची नावं, दुसऱ्याच्या मशीनवर चालतंय का हे बघणं. हे कंटाळवाणं असतं आणि नेमक्या याच टप्प्यावर नवीन कल्पना सुचते, जुन्यापेक्षा कितीतरी सुंदर. ती वहीत लिहून ठेवा आणि वही मिटा. नवी कल्पना सुंदर दिसते, कारण तिचं कंटाळवाणं काम अजून सुरू झालेलं नसतं.

पूर्ण झालेलं काम दाखवायची भीती ही या मुलांची सगळ्यात मोठी चिंता, आणि ती खरी आहे. आधीच्या पिढ्यांची पहिली वाईट कविता वहीत राहिली. यांची कायमची कुठेतरी साठून राहते. म्हणून पहिलं काम जगासमोर टाकायची गरज नाही. तीन माणसांना दाखवा: एक त्यातलं कळणारं, एक बरोबरीचं, एक ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही असं. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, उत्तर 'छान' येतं आणि त्याचा उपयोग नाही. कुठे कंटाळा आला? कुठे कळलं नाही? उद्या यातलं काय आठवेल? तिघांनी एकच जागा दाखवली तर ती दुरुस्त करा. एकानेच दाखवली तर विचार करा, लगेच बदलू नका. लाईक्सचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. तो शंभर असो की तीन, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते त्यातून कळत नाही, आणि मन मात्र दिवसभर तिथेच अडकतं.

एआयबद्दल थोडक्यात. आधी स्वतःचा प्रयत्न, निदान अर्धा तास. मग त्याला 'करून दे' म्हणू नका, 'यात काय चुकलंय ते दाखव' म्हणा. दिलेल्या उत्तरातली प्रत्येक ओळ समजावून सांगता येत नसेल, तर ते काम अजून तुमचं झालेलं नाही. आणि ते चुकीचंही ठामपणे सांगतं, हे सतत लक्षात असू द्या.

झोपेवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण घराघरांतली निम्मी भांडणं तिथली असतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढायला लागतं, कधी कधी दोन तासांपर्यंत. रात्री दहाला पंधरा वर्षांच्या मुलाला झोप येत नाही यात दर वेळी त्याचा हट्ट नसतो. पण शाळा-कॉलेज सकाळी लवकर असतं आणि झोप दोन्हीकडून कापली जाते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, पुढे ७ ते ९. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे रात्र जागून केलेला सराव बराचसा वाया जातो. दहा हजार तास सराव केला की माणूस पारंगत होतो असं जे सगळीकडे सांगितलं जातं, ते १९९३ च्या बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासातून आलेलं. त्यातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. ती सर्वोत्तम मुलं दिवसाला साडेआठ तासांहून थोडं जास्त झोपत होती, दुपारची डुलकी धरून, आणि सराव तास-दीड तासाच्या टप्प्यांत, मध्ये विश्रांती घेऊन करत होती.

करता येण्यासारखं हे: उठण्याची वेळ पक्की ठेवा, सुट्टीच्या दिवशी तासाभराहून जास्त पुढे नको. उठल्यावर उजेडात जा. दुपारनंतर चहा-कॉफी नको, कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. फोन उशाशी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजराला साधं घड्याळ घ्या. फोन बाजूला ठेवायचा निश्चय रात्री अकराला करून जमत नाही, तेव्हा डोकं थकलेलं असतं आणि स्क्रोलिंगला शेवट नसतो.

यातलं काहीही लागू पडत नाही अशीही एक अवस्था असते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज मन उदास, आवडीचं कामही नकोसं, झोप-भूक बदललेली, मित्र तोडलेले, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी भाषा. तिथे वेळापत्रक आणि मेट्रोनोम काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो, म्हणजे तीस-पस्तीस जणांच्या वर्गात चार-पाच जण. सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि आईबाबांनो, काका-मामांनो, पोरगी तिचं पहिलं पूर्ण झालेलं काम घेऊन तुमच्यासमोर येईल तेव्हा 'याने पोट भरणार का' हे तेव्हा विचारू नका. तो प्रश्न रास्त आहे, त्याला वेगळा दिवस द्या. आत्ता फोन पालथा ठेवा, दीड मिनिटाचा व्हिडिओ पूर्ण बघा आणि तुम्हाला जिथे कळलं नाही ती एक जागा तिला दाखवा.