१.३ म्हणजे नापास नव्हे हो!

एका सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या विद्यापीठात शिकायला गेले होते, साडेचार महिने. तिथे मिळवलेले मार्क आपल्या विद्यापीठाच्या निकालात चढवून घ्यायला लागले, त्याला आता पाचवा महिना संपत आलाय. म्हणजे शिकायला लागला त्याहून जास्त वेळ, मी शिकले हे पटवून देण्यात चाललाय.

काल परीक्षा विभागाच्या खिडकीतल्या मॅडमनी माझं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथलं गुणपत्रक, चष्म्यावरून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, पाचपैकी एक पॉइंट तीनच? नापास आहेस की तू!" मागे रांगेतले दोघं फिदीफिदी हसले.

अहो, जर्मनीत १.० ही सगळ्यात वरची श्रेणी. ४.० ला काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आकडा जितका लहान, तितका पेपर चांगला. मी काही गुप्तहेर खात्याची माहिती फोडत नाहीये, त्याच ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या पानावर तक्ता छापलाय. मी पान उलटून दाखवलं. मॅडमनी ते परत सुलटं केलं आणि म्हणाल्या, "आम्ही पुढचंच पान बघतो."

बरं, यावर उपाय नाही असंही नाही. सुधारित बव्हेरियन सूत्र नावाचा प्रकार आहे. परदेशी मुलांचे गुण जर्मन पद्धतीत आणायला तिथली विद्यापीठं तेच वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. झालं. हेच उलटं फिरवलं तर १०० पैकी ४० ला पास असलेल्या पद्धतीत माझे १.३ म्हणजे ९४ होतात. चौऱ्याण्णव! मी सगळं गणित नीट मांडून, टाइप करून नेलं. उत्तर काय मिळालं? "हे तूच घरी केलंयस ना?" हो, मीच केलं. कारण ज्यांनी करायचं त्यांनी केलं नाही.

माझं निदान १.३ तरी आहे. आमच्यातली एक डेन्मार्कला गेली होती. तिथे सर्वांत वर १२ आणि तळाला उणे ३. तिच्या कागदाचं खिडकीत काय झालं असेल, विचारायची हिंमत झाली नाही.

मार्कांचं एक वेळ सोडा. क्रेडिटचा घोळ त्याहून वरताण. ईसीटीएसमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत, एका सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात आणि जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास काम. वर्गात बसणं, लायब्ररीत वाचणं, सेमिनारचा निबंध, परीक्षेची तयारी, सगळं धरून. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १८० तास, त्यातले वर्गातले आठवड्याला जेमतेम चार. आमच्याकडे मोजतात ते मुख्यतः वर्गातले तास. त्यामुळे तिथलं वेळापत्रक बघून इथल्या साहेबांचा निष्कर्ष : "चार तासांना सहा क्रेडिट? फुकट वाटतात की काय तिकडे?" साहेब, त्या 'फुकट' विषयासाठी मी एका निबंधाच्या तळटिपा तीन वेळा नव्याने लिहिल्यात.

आणि ही सगळी व्यवस्था कालपरवाची नाही. ईसीटीएस १९८९ पासून आहे. १९९९ साली इटलीतल्या बोलोन्याला युरोपातल्या २९ देशांनी सह्या केल्या, की आपापल्या पदव्या एकमेकांना कळतील अशा करू. २९ देशांचं एकमत झालं. आमचा परीक्षा विभाग आणि आंतरराष्ट्रीय कक्ष यांचं होत नाही, आणि ते एकाच मजल्यावर आहेत!

जाण्याआधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट केलं होतं. तीन सह्या : माझी, इथली, तिथली. कुठले पाच विषय घेणार, बदल्यात इथले कुठले पाच सुटणार, सगळं लेखी. तिथे पोचल्यावर कळलं की त्यातला एक फक्त उन्हाळी सत्रात असतो आणि दुसरा यादीत इंग्रजी म्हणून होता तो प्रत्यक्षात जर्मनमध्ये. असं अनेकांचं होतं, म्हणून तर बदलाचा वेगळा तक्ता असतो. मी तो पहिल्याच आठवड्यात भरून पाठवला. इथली सही यायला सहा आठवडे लागले. आणि आता म्हणतात, "हे दोन विषय मूळ करारात नाहीत." ज्या कागदावर यांचीच सही आहे, तो कागद यांनाच सापडत नाही.

शिवाय मार्क ३१ जानेवारीपर्यंत जमा करा असा फतवा होता. जर्मनीतलं हिवाळी सत्र कागदोपत्री ३१ मार्चला संपतं. ३१ जानेवारीला तिथे तास चालू होते, परीक्षा फेब्रुवारीत! न दिलेल्या पेपरचे मार्क कुठून आणू? उशिराबद्दल दंड मात्र बिनचूक लावला.

सध्या गाडी शिक्क्यावर अडलीय. तिथल्या ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी स्पष्ट लिहिलंय, की हा दस्तऐवज संगणकाने तयार केला असून सहीशिवाय वैध आहे. इथे म्हणतात, गोल शिक्का हवा. तिकडे मेल केला तर नम्र उत्तर आलं, की आम्ही शिक्के मारत नाही, पडताळणीचा कोड दिलाय तो वापरा. कोड टाकायला इथे दोन मिनिटं लागतील. पण कोड फायलीला लावता येत नाही ना! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

परदेशात घर शोधलं, पत्ता नोंदवला, विमा काढला, अनोळखी भाषेत पावत्या वाचल्या. त्यातलं काहीच इतकं अवघड गेलं नाही.

आज आंतरराष्ट्रीय कक्षाबाहेर नवा फलक लागलाय. पुढच्या तुकडीसाठी अर्ज मागवलेत. 'क्रेडिट ट्रान्सफरची सोय' असं ठळक अक्षरात. आणि शेजारी, पाठीला बॅग, तिथल्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर दात काढून उभी असलेली मी. विचारलंही नाही कुणी. माझा फोटो यांना चालतो, मार्क चालत नाहीत. त्याच फलकाखालच्या बाकड्यावर बसून हे लिहितेय. निकालात माझ्या नावापुढे अजून 'प्रलंबित' आहे, आणि शिक्क्याचं ज्यांना विचारायचं ते साहेब जेवायला गेलेत. पावणेचार वाजलेत.