चोवीस तास म्हणे!

आज शुक्रवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कुकरची दुसरी शिट्टी होत असताना, मला प्राण्यांच्या दवाखान्यातून फोन आला.

"मॅडम, तुमचे आम्हाला मिस्ड कॉल होते. नऊ."

होते ना. रविवारी रात्री पावणेदहा ते सव्वादहा या अर्ध्या तासात केलेले होते. नऊ मोजलेत म्हणजे फोन वाजत होता, बंद नव्हता, हेही कळलं.

"बोला ना मॅडम, काय प्रॉब्लेम होता?"

प्रॉब्लेम असा होता की आमच्या बोक्याची, बंड्याची, लघवी तुंबली होती. आणि तुमच्या दारावर, तुमच्या कार्डावर, मोबाइलच्या नकाशावर आणि स्टेशनाबाहेरच्या निम्म्या रिक्षांच्या पाठीवर 'चोवीस तास सेवा' असं लिहिलंय. खाली लाल रंगात 'इमर्जन्सी'. शेजारी पंजाचा ठसा.

"हो मॅडम, आपली सेवा चोवीस तासच आहे. फक्त डॉक्टर दहा ते आठ असतात."

मी गॅस बंद केला. अशा वेळी माणसाने आधी गॅस बंद करावा. मग विचारलं, रात्री आठनंतर सेवा कोण करतं? तर म्हणे, मेसेज टाकता येतो. टाकला होता, म्हटलं. "हो, दिसतोय ना मॅडम. त्याचाच फॉलोअप घेतोय."

फॉलोअप! पाचव्या दिवशी! मग मी त्या पोराला सगळं ऐकवलं. बोक्याची मूत्रनलिका मुळात बारीक असते. तिच्यात खड्यांचा चुरा आणि चिकट द्रव मिळून बूच बसलं की लघवी मागे चढते, मूत्रपिंडं थकतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. पाच दिवसांनी फॉलोअप घ्यायचा तर तो तेराव्याच्या लाडवांचा घे. एवढं एका दमात बोलले. पलीकडे शांतता. मला वाटलं, लागलं पोराला. तर म्हणतो, "ओके मॅडम. मग अपॉइंटमेंट लावू का? या शनिवारी ग्रूमिंगवर वीस टक्के ऑफ आहे. ब्लूबेरी फेशियल फ्री."

ब्लूबेरी फेशियल. बोक्याला. अहो, मी पंचेचाळीस वर्षांची झाले, माझ्या तोंडाला अजून बेसन-हळदीपलीकडे काही लागलेलं नाही. कुत्र्याच्या नाकाला ब्लूबेरी चोळायला यांच्याकडे माणूस आहे, नखांना रंग लावायला माणूस आहे, वाढदिवसाला टोपी घालून फोटो काढायला माणूस आहे. रविवारी रात्री एक बारीक नळी घालायला मात्र कुणी नाही. आणि फोन ठेवताना काय म्हणावं? "टेक केअर, बंड्याची मम्मा!"

मी कुणाचीही मम्मा नाही. मला एक मुलगी आहे, ती बारावीला आहे, आणि ती मला आई म्हणते. बोका मला काहीही म्हणत नाही, आणि तसंच बरं आहे. हे 'पेट पेरेंट' आणि 'फर बेबी' ज्याने कुणी आणलं त्याला एकदा भर सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद लोकलमध्ये चढवला पाहिजे.

तर रविवार. नऊच्या सुमारास बंड्या मोरीत जाऊन बसला आणि असा ओरडला की मुलगी अभ्यास सोडून धावत आली. हा ओरडणारा बोका नाही. स्टेशनाच्या पुलाखाली सापडला तेव्हापासून त्याचं म्हणणं तो फक्त शेपटीने मांडतो. पोटाला हात लावला तर आत मोसंबं असावं तसं टणक. ट्रेमधली वाळू कोरडी ठणठणीत.

नवरा म्हणाला, "सकाळी बघू." हा माणूस गळक्या नळाला सकाळी बघू म्हणतो, गॅस संपला तरी सकाळी बघू म्हणतो, आणि आमच्या लग्नाचा होकारही याच्याकडून तीन 'सकाळी बघू'नंतर आला होता. शेजारचे काका आवाज ऐकून लुंगीवरच आले आणि म्हणाले, "पोट दुखत असेल. पाव क्रोसिन द्या दुधातून." काका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचं यकृत ते पचवतं, मांजराच्या यकृताला ती सोय नाही. एक गोळीही जीव घ्यायला पुरते. हे मी शक्य तितक्या आदराने सांगितलं. म्हणजे ओरडलेच. तर काकांचा चेहरा पडला आणि काकू आतून म्हणाल्या, "चांगलं सांगायला जावं तर! मांजरच ना शेवटी, एवढ्या पैशात चार येतील."

चार येतील. काकू, तुमच्या घरातल्यासारखी कुत्सित माणसंही एवढ्या पैशात चार येतील, कुठे मिळतात ते मला माहीत आहे. हे मी बोलले नाही. पण मागच्या मे महिन्यात तुमच्या गच्चीवरच्या कुरडयांवर पाय उमटले होते ते बंड्याचेच होते, आणि तेव्हा मी कबुतरांवर ढकललं होतं. आता ऐका.

आता खरं सांगायचं तर इथे माझा आवाज जरा खाली येतो.

सासूबाई शनिवारी सकाळीच म्हणाल्या होत्या, "अगं, हा सारखा मोरीत जाऊन बसतोय. आणि खाली चाटत बसतो." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "आई, उकडतंय त्याला. गार फरशीवर बसतोय." दुपारी त्या पुन्हा म्हणाल्या, जोर करतोय बघ. मला वाटलं बद्धकोष्ठ. चमचाभर तूप चाटवलं. तूप! मूत्रमार्ग बंद झालेल्या जनावराला मी घरचं कढवलेलं तूप दिलं आणि वर कौतुकाने म्हटलं, उद्या मोकळा होईल. शिवाय रविवारी दुपारी तो चादरीवर दोन थेंब गळला म्हणून त्याला फटका दिला. दोन थेंबच का, हे डोक्यात आलं नाही. ऑफिसात मी लोकांच्या अर्जांतल्या चुका काढते. त्याचा पगार घेते.

आणि ते कोरडे दाणे! सात किलोचं पोतं सेलमध्ये मिळालं म्हणून वर्षभर तेच. पाणी कमी, दाणे जास्त, बोका जाड. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितो?" मी म्हटलं, "पितो की." त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मी ओळखते. अर्धवट भरलेला अर्ज घेऊन येणाऱ्यांकडे मी तशीच बघते.

सासूबाईंनी अजून एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलेलं नाही. सहा दिवस झाले. त्या म्हणाल्या असत्या तर मोकळी झाले असते. त्या नुसत्या रामरक्षा म्हणतात आणि वाटीत पाणी भरून ठेवतात. हे जास्त भयंकर आहे.

असो. राग कुठवर आला होता? हां, रिक्षा.

मोबाइलवरून गाडी बोलावली. पहिल्या चालकाने विचारलं, सामान किती? मी खरं सांगितलं. रद्द. दुसऱ्यालाही खरं सांगितलं. रद्द. तिसऱ्याला सांगितलं, एक छोटी पिशवी आहे, तेवढ्यात पिशवी ओरडली. रद्द. खाली नाक्यावर शेअर रिक्षावाला उभा होता. म्हणाला, चौथी सीट आली की निघतो. टोपलीकडे बघून म्हणाला, "काय आहे?" बोका. "मग तीन सीटचे द्या. आणि घाण केली तर वेगळे."

मी म्हटलं, "दादा, त्याने घाण केली तर मी तुम्हाला पेढे देईन."

त्याला वाटलं बाई ठार वेडी आहे. पण निघाला.

आधी एमआयडीसीतलं दुसरं चोवीस तासवालं. शटर अर्धं खाली, आत ट्यूबलाइट, खुर्चीवर पाय टाकून वॉचमन. "डॉक्टर?" "येतात." "कधी?" "फोन केला की." "करा मग." "ते उचलत नाहीत." मग टोपलीकडे बघून, "कुत्रा का?" "बोका." तर चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू. "मग कशाला फोन! मांजराचे डॉक्टर मंगळवारी असतात." म्हणजे मांजराने आजारी पडायचं ते मंगळवारी, अकरा ते एक. मी त्या पाटीचा फोटो काढला. का काढला, माहीत नाही. मुलगी म्हणाली, आई, चल. टोपलीतून आता ओरडणंही बंद झालं होतं, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

पुढचा पाऊण तास शीळ फाटा. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. मेट्रोचे पत्रे, पत्र्यांमागे खड्डे, खड्ड्यांत कंटेनर. रिक्षावाल्याने एक पैसा सोडला नाही, आठशे घेतले, पण त्या कोंडीतून त्याने रिक्षा कशी काढली हे मला अजून कळलेलं नाही. मध्ये एकदा स्वतःच मागे वळून म्हणाला, "श्वास चालू आहे ना हो?" तेव्हा मी रडले. त्याआधी नाही.

परळला बाई साकरबाईंच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय आहे, एकोणिसाव्या शतकातलं. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. सव्वाशे वर्षं केव्हाच उलटली. एवढ्या काळात ती विद्या परळहून कल्याणच्या दिशेने नेमकी कुठपर्यंत सरकली? अंदाज सांगते, रात्री आठपर्यंत. आमच्याकडे स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मिळून कुत्र्यांचे स्वेटर विकणारी दुकानं माझ्या माहितीत सात आहेत. स्वेटर! डोंबिवलीत! जिथे जानेवारीत पंखा दोनवर असतो!

ठाण्याच्या अलीकडे शेवटी एक डॉक्टर सापडल्या. तिशीच्या असतील, डोळे लाल, समोर डबा उघडा आणि गार. त्यांनी पोटाला एकदा हात लावला आणि डबा बंद केला. मला कागदावर सही करायला लावली, भूल देताना दगावू शकतो म्हणून. त्यावर 'ब्रीड' असा रकाना होता. मी 'डोंबिवली' लिहिलं. पंचवीस मिनिटांनी आतून आवाज आला, "निघाली!" आणि बाहेर बाकावर आम्ही तिघं, शिवाय कुणाचा तरी लॅब्रेडोर घेऊन बसलेले एक अनोळखी गृहस्थ, असे सगळे एका बोक्याच्या लघवीसाठी टाळ्या वाजवत होतो.

या बाईंबद्दल माझी तक्रार शून्य. त्यांच्या काउंटरबद्दल आहे. तीन दिवस नळी, सलाईन, रक्ताच्या तपासण्या, बिल साडेएकवीस हजार. ठीक आहे, दिले. फ्रिज घ्यायचा होता, जुना अजून गार करतो. पण त्या बिलात एक ओळ होती, 'अवेळी तपासणी शुल्क : १,५००'.

मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तुमचं चोवीस तास ना? हो. मग चोवीस तासांत अवेळ कुठली? म्हणाला, आठनंतरची. म्हटलं, मग पाटीवर बारा तास लिहा आणि बाकी बारा तासांचा दर लिहा. म्हणाला, "मॅडम, ते सिस्टिममध्येच तसं आहे." या सिस्टिमला मी अजून भेटलेले नाही. बँकेत तीच असते, गॅसच्या ऑफिसात तीच असते, मुलीच्या कॉलेजात हॉल तिकिटावर माझं नाव चुकलं तेव्हाही तीच होती. कुठे बसते ही बया? तिला एकदा दुपारी चहाला बोलवायचं आहे मला. ती सासूबाईंना आवडेल, दोघीही काही बोलत नाहीत.

आणि रजा! सोमवारी साहेबांना कळवलं, घरी आजारपण आहे. "कोण आजारी?" मला खोटं बोलता आलं असतं. सासूबाई समोर बसल्या होत्या, त्यांचं नाव घ्यायची छाती झाली नाही. म्हटलं, बोका. साहेबांनी हसून रडणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. तीन वेळा. साहेब, तुमची गाडी गॅरेजला होती तेव्हा तुम्ही दोन दिवस घरून काम केलंत. गाडीला तरी कुठे लघवी तुंबली होती?

बुधवारी रात्री बंड्या घरी आला. गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा, पायाला दाढी केल्यासारखा चौकोन, आणि आमच्यावर राग. दाणे बंद. आता त्याला ओलं खाणं, ते पाकीट पन्नास रुपयांचं, वर पाणी घालून ढवळून. तरी डॉक्टरांनी सांगितलंय की पुन्हा तुंबू शकतं, पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, नवरा दर वेळेला वेळ आणि ट्रेमधल्या ओल्या वाळूच्या गोळ्याचा आकार लिहितो. 'सकाळी बघू'वाला नवरा! पहाटे साडेतीनला उठून बॅटरी घेऊन! परवा लिंबू, काल दोनदा लिंबू, एकदा सुपारी. सुपारी लिहिली त्या रात्री आम्ही कुणी झोपलो नाही.

आज सकाळपासून नोंद नाही. त्या ब्लूबेरीवाल्यावर एवढी का उखडले, त्याचं अर्धं कारण हेच असावं. तो पोरगा बिचारा बारा हजारांवर

थांबा. मोरीत वाळू उकरल्याचा आवाज येतोय. सासूबाई आधीच पोचल्या आहेत.

"अगं, ये लवकर! लाडवाएवढा!"