पालकांच्या तक्रारीला उत्तर: विभाजक आणि विभाज्य

ताई, नमस्कार.

‘तासभर नुसता गेम खेळवतात, फुकटचा टाइमपास. घटक चाचणीत ३६ चे सर्व विभाजक लिहायचे होते, मुलाने ३६, ७२, १०८, १४४ लिहिलं,’ असं तुम्ही आमच्या गणिताच्या तासाबद्दल लिहिलंय. वाचून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून ती उत्तरपत्रिका मागून घेतली आणि पाहिली.

विचारले होते विभाजक, म्हणजे ज्यांनी ३६ ला पूर्ण भाग जातो त्या संख्या. त्याने लिहिलेल्या संख्या ३६ च्या विभाज्य, म्हणजे ३६ ने पूर्ण भाग जाणाऱ्या आहेत, आणि विभाज्य म्हणून त्या अगदी बरोबर आहेत. गल्लत शब्दांत झाली आणि तो दोष आमचा. आमच्या गेममध्ये सगळीकडे ‘फॅक्टर’ आणि ‘मल्टिपल’ असंच होतं. सेमी-इंग्रजीच्या मुलांचं त्यात काही अडलं नाही. तुमचा मुलगा मराठी माध्यमाचा, त्याच्या पुस्तकात विभाजक आणि विभाज्य. दोन शब्दांत फरक काय तो शेवटाला. पाचवीतलं मूल तिथे अडखळणार, हे आधीच आमच्या लक्षात यायला हवं होतं. मनापासून माफी मागते.

टाइमपास मात्र मला मान्य नाही. स्क्रीनवर १ ते ३० आकडे असतात. आपण एक आकडा घ्यायचा, तेवढे गुण आपले. त्याचे जेवढे विभाजक शिल्लक असतील ते सगळे समोरच्याचे. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं ३० वरच झडप घालतात, सगळ्यात मोठा म्हणून. तुमच्या मुलानेही घातली. समोरच्या मुलीने १, २, ३, ५, ६, १०, १५ टिपले आणि ४२ गुण नेले. तो गप्पच झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने पहिलाच आकडा २९ घेतला. का रे, म्हटलं, तर म्हणाला, “बाई, याला खाली फक्त १ आहे.” मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असलेली संख्या, हा शब्द तोवर मी वर्गात काढलाही नव्हता. त्याच डावात, १ गेल्यावर, त्याने २५ उचलला, कारण समोरच्याला फक्त ५ मिळणार होते. डावाच्या सुरुवातीलाच २८ घेतला तर दोघांना सारखेच गुण पडतात, हेही त्याने स्वतःच शोधलं. हे पाठ करून येत नाही, ताई. यासाठीच मी गेम बंद करणार नाही.

पाढे अजून पक्के नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. १७ चा पाढा त्याला अजून अडतो. आमच्या तासात पाढे म्हणून घेत नाही, ते घरी रोज दहा मिनिटं व्हायला हवेत.

आता गेममध्ये विभाजक, विभाज्य, मूळ संख्या हेच शब्द घातलेत, इंग्रजी हवं त्याने बदलून घ्यावं. शिवाय शेवटची पंधरा मिनिटं स्क्रीन बंद, वही-पेन. बुधवारी त्याने जोड्या लावून लिहिलं: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. नऊच्या नऊ विभाजक आले. वहीचं ते पान जरूर बघा.

या महिन्याची फी परत हवी असेल तर विनातक्रार देईन. पण त्याआधी एकदा शनिवारी पाच वाजता या आणि त्याच्यासमोर बसून एक डाव खेळा.