३४ म्हणजे किती टक्के?

आम्ही जिनिव्हात राहतो. मुलीचा आयबी (इंटरनॅशनल बॅकालॉरिएट) डिप्लोमाचा, म्हणजे बारावीच्या बरोबरीच्या परीक्षेचा, निकाल लागला तो ५ जुलै २०२५ ला. त्याच दिवशी वरळीला ठाकरे बंधूंचा विजयी मेळावा होता, त्यामुळे नाशिकच्या मावसभावाने टीव्हीचा आवाज बारीक करून फोन घेतला. "४५ पैकी ३४," मी सांगितलं. पलीकडं जरा शांतता. मग, "म्हणजे पंच्याहत्तर टक्के ना गं ताई? बरे आहेत की," असं तो म्हणाला. त्या 'बरे आहेत'मध्ये बरंच काही होतं. आपल्याकडं पंच्याहत्तर टक्क्यांना पेढे वाटायचे दिवस कधीच गेले.

त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, कारण या गुणांना टक्क्यांचा हिशेब लागूच पडत नाही. विषय सहा, प्रत्येकाला १ ते ७ अशी श्रेणी, म्हणजे झाले ४२. वरचे तीन गुण दीर्घ निबंध आणि 'थिअरी ऑफ नॉलेज' (आपल्याला जे कळतं ते कशावरून, याचा विषय) या दोन गोष्टींचे मिळून. ७ म्हणजे पैकीच्या पैकी नव्हेत. कच्च्या गुणांत किती मिळाले की ७ द्यायचे ही रेषा दर परीक्षेला नव्याने आखतात, आणि कित्येक विषयांत ती ८० टक्क्यांच्या खालीच असते. जगभरची सरासरी ३० च्या आसपास. उत्तीर्ण व्हायला किमान २४ लागतात, पण नुसते २४ असूनही भागत नाही. वरच्या पातळीवर घेतलेल्या तीन विषयांत मिळून १२ हवेत, एकाही विषयात १ नको, अशा आणखी अटी असतात. साधारण वर्षी ४५ पैकी ४५ शंभरात एकालाही मिळत नाहीत. आपल्याकडं कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून दहावीत शंभर टक्के मिळवणारी मुलं दरवर्षी डझनावारी निघतात आणि त्यांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. या दोन गोष्टी एका फूटपट्टीने मोजायच्याच कशाला?

विषयांची रचना मात्र मला पहिल्यापासून आवडली. एक भाषा तिच्या साहित्यासकट, दुसरी एखादी भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा विषय. तो नको असेल तर त्याजागी आणखी एक विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र चालतं. तीन विषय वरच्या पातळीला, त्यांना प्रत्येकी २४० तास, बाकीच्यांना १५०. डॉक्टर व्हायचंय म्हणून इतिहास-अर्थशास्त्राला दहावीनंतर रामराम ठोकता येत नाही, आणि साहित्यात रमणाऱ्याचीही गणितातून सुटका नाही. शिवाय ४००० शब्दांचा तो दीर्घ निबंध, आणि समाजकार्य, खेळ, कला यांची दीडेक वर्षाची नोंदवही. तिला गुण नाहीत, पण ती पुरी केल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही.

हे सगळं कुणी आणि का काढलं हे आपल्याकडं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगते. जिनिव्हात १९२४ साली राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लोकांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली. मुलं देशोदेशीची, आणि शिक्षण संपलं की आपापल्या देशातल्या विद्यापीठात जाणार. परिणामी शेवटच्या दोन वर्षांत एकाच वर्गाची शकलं व्हायची: काही मुलं स्विस मॅच्युरिटे देणार, काही फ्रेंच बॅकालॉरिया, काही इंग्लंडची ए लेव्हल, काही अमेरिकन प्रवेश परीक्षा. शिक्षकांनी शिकवायचं तरी कुणाला आणि काय? १९६० च्या दशकात तिथल्या शिक्षकांनीच एका सामायिक परीक्षेचा खटाटोप सुरू केला, आणि १९६८ मध्ये जिनिव्हातच आयबी ही संस्था उभी राहिली. ऑक्सफर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाचे अॅलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक. इंग्लंडमधली मुलं सोळाव्या वर्षीच तीन विषयांत अडकून पडतात, हा त्यांचा जुना सल. सहा विषयांचा आग्रह त्यातूनच आलेला.

म्हणजे हे प्रकरण मुळात बदलीवाल्यांचं. आजही जिनिव्हात त्याच्याकडं तसंच पाहतात. मुलगी आयबी करतेय म्हटल्यावर आमच्या शेजारीण बाईंनी विचारलं होतं, "मग तुम्ही इथून जाणार आहात का?" त्यात ना कौतुक ना असूया. त्यांचा मुलगा सोळाव्या वर्षी वीजतंत्रीच्या उमेदवारीला लागला: आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत, उरलेला वेळ शाळेत, आणि महिन्याला पगार. स्वित्झर्लंडमधली सुमारे दोन तृतीयांश मुलं अशीच कामधंद्याच्या शिक्षणाकडं वळतात. मॅच्युरिटे करणारी कमी, आणि सरकारी शाळेत ती जवळजवळ फुकट. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला ३० हजार फ्रँकच्या वर जाते. ती भरणाऱ्यांत निम्मे तरी असे असावेत ज्यांची फी मालक किंवा संयुक्त राष्ट्रांचं शिक्षण अनुदान भरतं. आम्ही त्यातलेच. इथली विद्यापीठं तर ते बोनसचे तीन गुण धरतच नाहीत, ४२ पैकी किती ते पाहतात आणि विषय अमुकच हवेत म्हणून अडून बसतात. आयबीच्या जन्मगावी आयबीची ही किंमत!

आणि आपल्याकडं? पुण्या-मुंबईत 'आयबी बोर्ड' हे शब्द सोसायटीच्या जाहिरातीत क्लबहाउसच्या शेजारी छापलेले मी पाहिलेत. अमेरिकेत बहुसंख्य आयबी शाळा सरकारी आहेत. आपल्याकडं ती लाखांतल्या फीची खूण होऊन बसली. सरकारलाही मोह आवरला नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या नावाजलेल्या जिल्हा परिषद शाळेसारख्या शाळा त्याला जोडल्या, आणि सत्ता बदलल्यावर ते गुंडाळलंही. मुंबई महापालिकेने माटुंग्यातली एक शाळा केंब्रिज बोर्डाशी आणि विलेपार्ल्यातली एक आयबीशी जोडून घेतली. २०२५ मध्ये विधिमंडळात राज्याच्या शाळांना सीबीएसईचा पॅटर्न लावण्याची घोषणा झाली. दर दोन-चार वर्षांनी पाटी बदलायची चर्चा होते. पाटीमागे तपासणी कशी होते, हे कुणी विचारत नाही.

वाबळेवाडीच्या शिक्षकांबद्दल आणि गावकऱ्यांबद्दल मला आदर आहे, हे लगेच सांगून टाकते. त्यांनी शाळा उभी केली ती मंडळाच्या आधी, आणि मंडळामुळे नव्हे.

भारतात परत येणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण तीही विचारणा सारखी होते. आयबी डिप्लोमा भारतात बारावीच्या बरोबरीचा मानला जातो, भारतीय विद्यापीठ संघाने १९८३ पासून तशी मान्यता दिलेली आहे. पण नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात, आणि नेहमीच्या आयबीत तीन विज्ञानं बसत नाहीत. खास परवानगीची जोडणी करावी लागते, ती पहिल्याच वर्षी. निकाल जुलैत, तोवर इकडच्या प्रवेशांची धांदल सुरू झालेली. आणि नीट-जेईई एनसीईआरटीवर बेतलेली, त्यामुळे क्लास वेगळा लावावाच लागतो. भारतात डॉक्टरकी करायची हे नक्की असेल तर आयबीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यातल्या एका वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या नाराज झाल्या. शाळेची अनामत भरून झाली होती.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. मुलीने रसायनशास्त्राच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी कोकमाचा रंग घेतला होता. आजीने पाठवलेली आमसुलं पाण्यात भिजवायची, त्या लाल पाण्याला वेगवेगळ्या तापमानाला ठेवायचं आणि रंग किती वेळात उडतो ते कलरीमीटरवर मोजायचं. विषय साधा. पण पहिल्या मसुद्यावर शिक्षिकेने लाल शाईत लिहिलं होतं: 'तापमान ६० अंशांवर स्थिर होतं हे कशावरून?' पोरीने आठवडाभर पुन्हा मोजमाप केलं, पाण्याच्या भांड्याला झाकण लावलं, दर दोन मिनिटांची नोंद ठेवली. या कामाला २४ गुण: प्रयोगाची आखणी, आकडेवारीचं विश्लेषण, निष्कर्ष आणि त्यातल्या उणिवांची छाननी, प्रत्येकी ६. विषयाच्या एकूण गुणांत त्याचा वाटा २० टक्के.

आपल्या दहावीतले अंतर्गत गुणही वीसच. फरक पुढं आहे. शिक्षिकेने सगळ्या वर्गाला गुण दिले, त्यातले मोजकेच नमुने संस्थेने स्वतः निवडले आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या तपासनीसाकडे गेले. त्याने ते पुन्हा तपासले. शिक्षिकेचा हात सैल आहे असं दिसलं, आणि सगळ्या वर्गाचेच गुण खाली आले. मुलीचे २१ होते, १९ झाले. घरी चिडचिड झाली. शाळेने मात्र पुढच्या वर्षी आपलं तपासणं कडक केलं. शिक्षकावर विश्वास ठेवायचा, पण तो विश्वास दरवर्षी तपासून घ्यायचा, अशी ती पद्धत. आयबीत उचलण्यासारखं काही असेल तर माझ्या मते हेच.

महाराष्ट्रात काय झालं ते आठवून पाहा. शाळा भाषांच्या तोंडी परीक्षेचे वीसपैकी वीस सरसकट वाटतात, अशी ओरड होती. म्हणून २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढूनच टाकले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मग अकरावीच्या प्रवेशात इतर बोर्डांची मुलं पुढं जातील म्हणून पालक खवळले, आणि त्याच वर्षी गुण परत आणले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. या दोन टोकांच्या मधला रस्ता, म्हणजे गुण ठेवायचे पण बाहेरून तपासून घ्यायचे, तो त्या सगळ्या गदारोळात फारसा कुणाच्या तोंडी आला नाही. लेखी पेपरांना आपल्या बोर्डाचे मॉडरेटर असतात. अंतर्गत कामालाच काय तो मोकळा सोडलाय.

आयबीतही सगळं आलबेल नाही. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या, गणिती सूत्राने गुण काढले, जगभर पालक भडकले आणि ऑगस्टमध्ये संस्थेला ते सुधारावे लागले. २०२४ च्या मे महिन्यात एका खंडात पेपर देऊन बाहेर पडलेल्या मुलांनी दुसऱ्या खंडातल्या मुलांसाठी प्रश्न इंटरनेटवर टाकले. दीर्घ निबंध पैसे घेऊन 'सुधारून' देणाऱ्या शिकवण्या इथे उघडपणे चालतात. कॉपी काय फक्त खिडकीतून चिठ्ठ्या फेकूनच होते असं नाही.

भाषेचं एक राहिलं. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीच्या जीआरवरून रान उठलं होतं आणि २९ जून २०२५ ला ते मागे घेतले गेले, तेव्हा इथल्या मराठी मंडळींतही जोरात वाद झाला. त्याच मंडळींना मी विचारलं की आयबीत शाळेत शिक्षक नसला तरी मातृभाषेचं साहित्य स्वअभ्यासाने घ्यायची सोय आहे, मराठीसाठी कुणी शाळेकडं चौकशी तरी केली का? विषय बदलला. माझ्या मुलीनेही इंग्रजी आणि फ्रेंचच घेतलं, तेव्हा मी फार तावातावाने बोलत नाही.

अंतर्गत गुणांची अशी बाहेरून तपासणी महाराष्ट्राला झेपेल का, हा खरा प्रश्न. दहावीला साधारण १५-१६ लाख मुलं आणि सुमारे २३ हजार शाळा. एका विषयात प्रत्येक शाळेचे दहा नमुने मागवले तर झाले २ लाख ३० हजार. एक शिक्षक दिवसाला वीस तपासतो असं धरलं तर हजार शिक्षकांना बारा दिवसांचं काम. अशक्य नाही. पण तेच शिक्षक निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं आणि पोषण आहाराचे हिशेब यांत गुंतलेले, आणि कित्येक पदं रिकामी. अशैक्षणिक कामं कमी केल्याशिवाय बारा दिवसही निघणार नाहीत. सगळ्या विषयांना एकदम हात न घालता पहिली दोन वर्षं फक्त विज्ञानाच्या प्रयोगांपुरतं करावं, आणि नमुने दुसऱ्या विभागीय मंडळाकडे पाठवावेत: लातूरचे नाशिकला, कोकणचे अमरावतीला.

पहिल्या वर्षी ज्या शाळांचे वीसचे तेरा होतील त्यांचे संस्थाचालक आमदारांना घेऊन बोर्डाच्या दारात येतील, यात शंका नाही. आयबीतही शाळा तक्रार करतात. पुनर्तपासणीला फी भरावी लागते, श्रेणी बदलली तर ती परत मिळते, आणि पेपर पुन्हा तपासायला लावला तर श्रेणी खालीही जाऊ शकते हे आधीच लिहून घेतात. आपणही तेच कलम घालावं. मग कोण कोण दारात येतं ते पाहू.