गिअर सगळं नाही हो

"अरिनात ज्याचं गिअर भारी, त्याचीच टीम जिंकते" हे तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. गिअर म्हणजे आपल्या पात्राची शस्त्रं-चिलखतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये अरिना, म्हणजे छोट्या टीमच्या आपसातल्या लढती, आली २००७ला, बर्निंग क्रूसेड या विस्तारासोबत, आणि डिमिनिशिंग रिटर्न्स (एकाच गटातल्या युक्त्यांनी कुणाला पुन्हा पुन्हा जखडलं की प्रत्येक वेळी परिणाम कमी टिकतो, हा नियम) तेव्हाही होतेच. तुमच्या लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही! रोगने (लपून वार करणाऱ्या पात्राने) समोरच्या हीलरला, म्हणजे साथीदारांना बरं करणाऱ्याला, सॅप केलं (बधिर करून ठेवलं) आणि मेजने (जादूगाराने) लगेच त्याचीच जादूने मेंढी केली, तर ती मेंढी निम्माच वेळ टिकते, कारण दोन्ही एकाच गटात मोजले जातात. तिसऱ्यांदा पाव वेळ, चौथ्यांदा काहीच नाही. मग पुन्हा पूर्ण वेळ मिळायला पंधराएक सेकंद थांबा. कितीही महागडी तलवार असू दे, हीलर मोकळा असेल तर समोरचा मरत नाही.

आम्ही तिघं खेळतो, एक जण दुबईहून. आमच्यात नियमच आहे: मेंढी करण्याआधी व्हॉइसवर नाव घ्यायचं, ट्रिंकेट (अशा पकडीतून सुटायची वस्तू) वापरलं की ओरडून सांगायचं. नाग्रँड या अरिनातल्या खांबाआड आमचा प्रीस्ट, म्हणजे आमचा हीलर, दडला की तेही तो आधी सांगतो, नाहीतर वॉरियर हीलिंगविना उघड्यावर मरतो. भारी गिअरच्या कितीतरी टीम आम्ही अशाच हरवल्यात. नव्या पोरांना आधी हे शिकवा, गिअरची यादी नंतर द्या.