सिक्युअर बूट आधीच कशाला बंद करायचं?

‘पेनड्राइव्हवरून बूट होत नसेल तर सर्वांत आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा’ हा लिनक्स इन्स्टॉल करण्यावरच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. (बायोस म्हणजे मशीनची मूळ सेटिंग्ज; सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी त्यातली सोय.) उबंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारे छोटे प्रोग्रॅम) गेली कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्टच्या सहीसह येतात, डेबियननेही २०१९ मध्ये आवृत्ती १० पासून ती सोय दिली. मग बंद कशासाठी करायचं? ओळखीच्यांचे लॅपटॉप बघताना मला दोषी बहुतेकदा पेनड्राइव्हच सापडतो: आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची प्रत) पेनड्राइव्ह बूटेबल न करता नुसती कॉपी-पेस्ट केलेली, किंवा डाउनलोड अर्धवट झालेलं. चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा कोड) जुळवून बघायला एक मिनिट लागतं, पण ते कोणी करत नाही. (लेखातही त्याचा उल्लेख नाही, हे विशेष.)

आणि या सल्ल्याचा तोटाही आहे. विंडोज असलेल्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर पुढच्या वेळी थेट ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताच नसतो! तेव्हा बायोसला हात लावण्याआधी ती की खात्यात जाऊन लिहून ठेवा. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक आयएसओ बूट करणारं साधन) वापरत असाल तर सिक्युअर बूट चालू ठेवूनही त्याची सहीची की मशीनवर एकदा नोंदवली की काम होतं. खरंच सही नसलेलं काही बूट करायचं असेल, तर बंद करा खुशाल, पण इन्स्टॉल झाल्यावर परत चालू करायला सांगणारी एक ओळ तरी लेखात हवी होती.